थकलो होतो, हे लेखी दे

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून (नाव, गाव आणि कंपनी त्याच्या विनंतीवरून दिलेली नाही):

‘ताई, मी देवगड तालुक्यातला. वय २९, मुंबई बेसला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. लायसन्स आणि टाईप रेटिंगसाठी (ठरावीक प्रकारचं विमान चालवायच्या परवानगीसाठी) बाबांनी कलमांच्या बागेवर कर्ज काढलं, ते अजून चालू आहे. गेल्या हिवाळ्यात एकदा पहाटे ४:१० चं रिपोर्टिंग होतं. त्याआधीचे दोन दिवसही पहाटेचेच. दिल्लीत धुक्यामुळे अडकलो आणि शेवटचा सेक्टर, म्हणजे शेवटचं उड्डाण, एक्स्टेन्शनवर (ड्यूटीच्या ठरलेल्या तासांपलीकडे) गेला. कॅप्टननी विचारलं, “ओके आहेस ना?” मी “येस कॅप्टन” म्हणालो. मुंबईत उतरताना एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने) दोनदा हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. काही सेकंद डोळा लागला होता. झालं काहीच नाही. नंतर फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा अहवाल, भरायला घेतला तर कॅप्टन म्हणाले, “कमांड अपग्रेड (कॅप्टनपदाची बढती) जवळ आलाय तुझा, कशाला नाव खराब करून घेतोस?” मग नाही भरला. आता वीकली ऑफलाही क्रू शेड्युलिंगचे (ड्यूट्या लावणाऱ्या विभागाचे) फोन येतात, नाही म्हणवत नाही. ग्रुपवर ठरतंय की पुढच्या महिन्यात एकाच दिवशी सगळ्यांनी सिक जायचं, म्हणजे आजारी असल्याचं कळवायचं. नाही गेलो तर गद्दार म्हणतील. बाबा म्हणतात, “मोठ्यांच्या वाटेक जाव नको, नोकरी सांभाळ.” त्यांना झोपेचं काहीच सांगितलेलं नाही. सुट्टी मिळाली की रात्रीच्या गाडीने गावी येतो, फवारणी बघतो आणि रात्रीच्याच गाडीने परत जातो. कधी वाटतं, सोडून द्यावी नोकरी. काय करू?’

प्रिय भावा,

तुझ्या पत्रात ‘झालं काहीच नाही’ असं एक वाक्य आहे. मी तिथेच अडले. झालं ते असं, की सलग तिसऱ्या पहाटेच्या ड्यूटीच्या शेवटी, विमान उतरत असताना, उजव्या सीटवरच्या माणसाचा डोळा लागला आणि एटीसीच्या दोन हाका वाया गेल्या. विमान सुखरूप उतरलं, म्हणून ही गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. शेड्युलिंगच्या लेखी ती ड्यूटी नियमात बसली आणि विषय संपला. तसंच पेअरिंग, म्हणजे उड्डाणांची तीच साखळी, उद्या दुसऱ्या कुणाच्या रोस्टरवर पडेल. म्हणून बाकीच्या सगळ्या प्रश्नांआधी एवढं सांगते: तो अर्धवट टाकलेला रिपोर्ट आज पूर्ण कर. उशीर झालाय तर होऊ दे. उशीर का झाला, तेही त्यातच लिही.

मी वैमानिक नाही. आयुष्यभर कामगार कायद्याची वकिली केली, त्यात विमान कंपन्यांतल्या माणसांची प्रकरणंही हाताखालून गेली. पगाराचं किंवा बढतीचं भांडण हरलं तर झळ त्या माणसाला आणि त्याच्या घराला लागते. झोपेचं भांडण हरलं तर मागे बसलेली दीड-पावणेदोनशे माणसं त्यात ओढली जातात, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. म्हणून तर तुमच्या कामाचे तास मालक आणि नोकर यांच्या आपसातल्या करारावर सोडलेले नाहीत, ते डीजीसीए, म्हणजे सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ठरवतं.

ते नियम तुला पाठ असतील, पण हे सदर वाचणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या आयाबापांना नसतील, म्हणून थोडक्यात सांगते. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सुट्टी ३६ तासांची ४८ तासांवर गेली, तीही मध्ये दोन पूर्ण रात्री येतील अशी. रात्रीची ड्यूटी मोजायची ‘रात्र’ पहाटे पाचला संपायची, ती सहापर्यंत लांबली. रात्रीच्या एका ड्यूटीत सहा लँडिंगपर्यंत चालायचं, ती मर्यादा दोन लँडिंगवर आली. हे सगळं जून २०२४ पासून व्हायचं होतं. कंपन्यांनी मुदत मागितली, नियम लांबणीवर पडले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पुढचं देशाने पाहिलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या काही अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. त्या दिवसांत ‘पायलटांच्या विश्रांतीमुळे प्रवाशांचे हाल’ असं कुणी म्हणालं की मला राग यायचा. नियम जाहीर होऊन जवळपास दोन वर्षं झाली होती. माणसं भरायला तेवढा वेळ पुरेसा होता. ती न भरण्याचा निर्णय कुठल्याही कॉकपिटमध्ये झाला नव्हता.

पण तुझ्यासाठी यातली मोठी ओळ वेगळीच आहे. आपण थकलेलो आहोत हे माहीत असेल, किंवा थकू असं दिसत असेल, तर क्रू मेंबरने विमान चालवायचं नाही, असं नियमच सांगतो. म्हणजे ती जबाबदारी कंपनीइतकीच तुझ्याही अंगावर टाकलेली आहे. उद्या काही विपरीत घडलं तर ‘कॅप्टननी विचारलं तेव्हा तू हो म्हणालास’ एवढंच नोंदीत राहील. आणि एक्स्टेन्शन घ्यायचं तर कॅप्टनने बाकीच्या क्रूशी बोलून ठरवायचं असतं. ‘ओके आहेस ना?’ हा प्रश्न म्हणजेच ते बोलणं होतं. सूर कसाही असो, तुला मत विचारलं होतं. तू मत दिलं नाहीस, रुकार दिलास.

हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तिशीच्या आतला मुलगा, डोक्यावर कर्ज, शेजारी वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन, खाली विमानाच्या दारात गर्दी करून उभे असलेले प्रवासी, आणि दिवसभर चढलेला उशीर. अशा वेळी नाही म्हणायला फार मोठं बळ लागतं. पण ते बळ आयत्या वेळी कुठून तरी येईल या भरवशावर राहू नकोस. ते आधी, जमिनीवर, साध्या गोष्टींतून कमवावं लागतं. वीकली ऑफला आलेल्या फोनला नाही म्हणण्यातून, रिपोर्ट भरण्यातून.

आपल्याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला काय झालं ते तू ट्रेनिंगमध्ये शिकला असशील. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान. १६६ माणसांपैकी १५८ गेली. व्हॉइस रेकॉर्डरवर उड्डाणाचा बराच काळ कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगात धावपट्टीकडे येत होतं आणि फर्स्ट ऑफिसरने तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं सांगितलं. कॅप्टनने ऐकलं नाही. मी तो चौकशी अहवाल वाचला तेव्हा त्या तीन वेळांशी बराच वेळ थांबले. तो बोलला, बरोबर बोलला, तीनदा बोलला. पण त्याने कंट्रोल हातात घेतला नाही. झोपेतून उठलेला वरिष्ठ आणि हात आवरून बसलेला कनिष्ठ, असं दोन्ही एकाच कॉकपिटमध्ये भेटलं.

म्हणून क्रू शेड्युलिंगच्या खोलीतली आणि कॉकपिटमधली संस्कृती मी वेगळी मानत नाही. जो ऑफिसात ‘नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसतो, त्याची जीभ हजार फुटांवर एकाएकी सुटत नाही. आपल्याकडे मच्छीमारी बोटीवर तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, शब्द शेवटचा असतो, पण खडक दिसला की नाळेवरचा, बोटीच्या पुढच्या टोकावरचा, कालचा खलाशीसुद्धा बोंब मारतो, आणि कुठलाही शहाणा तांडेल त्याला ‘तुझी पुढची खेप बघतो’ असं म्हणत नाही. तुझे कॅप्टन तसं म्हणाले. बहुधा वाईट बुद्धीने नाही. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असेल, आणि खरंच तुझं भलं होईल असं त्यांना वाटत असेल. तरी तो सल्ला चुकीचा होता. त्यांच्याशी भांडू नकोस, पण तो पाळूही नकोस.

आता रिपोर्ट कसा लिहायचा ते. मी पाहिलेले बहुतेक फसलेले अर्ज रागात लिहिलेले होते. ‘शेड्युलिंगवाले माणसाला माणूस समजत नाहीत’ असं वाक्य आलं की वाचणारा बाकीचं वाचत नाही. तू फक्त घडलेलं लिही, तासांसकट. कंपनीच्या फॉर्ममध्ये ते इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा: ‘सलग तिसरी पहाटेची ड्यूटी. रिपोर्टिंग ४:१०. आदल्या रात्री झोप साडेचार तास, त्याआधीच्या रात्री पाच. दिल्लीत धुक्यामुळे थांबावं लागलं, तो वेळ सीटवरच गेला, विश्रांती नाही. शेवटचा सेक्टर एक्स्टेन्शनवर. विमान खाली येताना (डिसेंट) एटीसीचे दोन कॉल मी चुकवले. काही सेकंद झोप लागली असावी. एक्स्टेन्शनला मी होकार दिला, तेव्हा थकवा जाणवत होता, तो मी बोललो नाही. रिपोर्ट उशिरा देत आहे, कारण त्याचा अपग्रेडवर परिणाम होईल अशी भीती वाटली.’ तासांचे आकडे तुझे खरे घाल, मी अंदाजाने घातलेत. कॅप्टनचं बोलणं त्यात घालू नकोस. चौकशीत विचारलं तर खरं सांग.

शेवटचं वाक्य मात्र गाळू नकोस. भीती वाटली, हीसुद्धा सुरक्षेची माहिती आहे. कंपनीचा सेफ्टी विभाग शहाण्या माणसांचा असेल तर ते वाक्य त्यांच्यासाठी बाकीच्या अहवालाइतकंच मोलाचं आहे. सादर केल्याची पोच, तारीख आणि नंबर जपून ठेव. आणि तो ग्रुपवर टाकू नकोस. एकदा का तो फॉरवर्ड होत फिरला की गोपनीय अहवालाचं संरक्षण तू स्वतःच्या हाताने घालवलंस असं होईल.

अपग्रेड लांबणार नाही अशी हमी मी देत नाही. असे रिपोर्ट शिक्षेसाठी वापरायचे नसतात हे नियमाला धरून आहे, पण कागदावरचा नियम आणि बेसवरचं वातावरण यांत अंतर असतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणूनच रोज एक साधी वही ठेव. रिपोर्टिंग कधी, सुटलो कधी, झोपलो किती, फोन कुणाचा कधी आला. कुणी तोंडी काही सुनावलं तर त्याच दिवशी तारखेसह दोन ओळी. पुढे अपग्रेड अडला आणि त्याचं कारण रिपोर्ट आहे असं दिसलं, तर ही वही कामी येते. आठवणीवर केस उभी राहत नाही.

वीकली ऑफच्या फोनबद्दल फार बोलायला नको. ती ४८ तासांची सुट्टी तुझी आहे. फोन उचललास तर एकच वाक्य: ‘मी वीकली रेस्टवर आहे, उपलब्ध नाही.’ कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, आजीचं आजारपण काढायचं नाही. कारण दिलंस की समोरचा त्यावर तोडगा काढतो. आणि शेड्युलिंगच्या मुलीवर आवाज चढवू नकोस. तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असतं, आणि तिच्या झोपेसाठी कुणी नियम केलेला नाही.

आता जे तुला आवडणार नाही ते. दोन रात्रींची सुट्टी मिळते आणि त्या दोन्ही रात्री तू गाडीत काढतोस. दादरहून तुतारी एक्सप्रेस, सकाळी कणकवली, तिथून पुढे देवगडची एसटी किंवा मित्राची बाईक, दिवसभर कलमांत पंपामागे, आणि रात्री परत. चिपीला विमानतळ झाला ऑक्टोबर २०२१ मध्ये, पण मुंबईच्या विमानाचं वेळापत्रक धरून कुणी सुट्टी आखावी अशी स्थिती नाही, हे मलाही माहीत आहे. मोहोर आला की बाग वाट बघत नाही, हेही माहीत आहे. तरी नियमातली ‘स्थानिक रात्र’ म्हणजे रात्री दहा ते सकाळी आठ यांमधले आठ तास, आणि ते झोपेसाठी दिलेत. स्लीपरच्या वरच्या बर्थवर, चिपळूण आलं का, रत्नागिरी गेलं का बघत काढलेली रात्र ही ती रात्र नव्हे. तू थकून ड्यूटीवर गेलास तर त्यातला काही वाटा कंपनीच्या रोस्टरचा आहे आणि काही तुझ्या तुतारीचा. कंपनीचा वकील हेच पहिल्यांदा शोधेल. पण त्याहूनही आधी, हे तुझ्या जिवासाठी सांगते. हंगामात गावी जायचं तर वीकली ऑफला रजा जोडून जा, आणि परतल्यावर एक पूर्ण रात्र मुंबईत झोपून मग विमानात बस. जमत नसेल तर फवारणीला माणूस लाव. त्याची मजुरी तू देऊ शकतोस.

झोपेसाठी दुकानातून गोळी घेऊ नकोस, सर्दीची औषधंसुद्धा कंपनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत. तुझ्या अक्षरातून मला थकव्याखाली दुसरंही काही दिसतं. तो डोळा लागल्याचा प्रसंग तू मनात घोळवतोयस. वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार द्यायची व्यवस्था कंपन्यांनी उभी करावी, असं डीजीसीएने २०२३ मध्ये परिपत्रक काढलं. तुझ्या कंपनीत ती असणार. त्यातल्या प्रशिक्षित वैमानिकाशी एकदा बोल. मेडिकल, म्हणजे उडायला तंदुरुस्त असल्याचा दाखला, जाईल म्हणून दडवून ठेवलेली काळजी पुढे जाऊन तो दाखला खरंच घालवते.

आता त्या ‘सिक डे’बद्दल. माझं उत्तर स्पष्ट आहे: जाऊ नकोस. तू आजारी नसताना आजारी असल्याचं लिहून देणं हे खोटं आहे, आणि तुझी सगळी बाजू खऱ्यावर उभी आहे. ज्या आठवड्यात तू खरा थकल्याचा अहवाल देतोस त्याच आठवड्यात खोटं आजारपण कळवलंस, तर खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

कायद्याचं सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात संप करायचा तर चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि एका दिवशी पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी एकत्र किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. म्हणजे ‘आम्ही संप कुठे केला, आम्ही तर रजेवर’ ही पळवाट आता बंद होत आली आहे. नोटिशीशिवायचा संप बेकायदा ठरतो, आणि मग बडतर्फीची पत्रं ग्रुपवर नाव टाकणाऱ्या सगळ्यांना येत नाहीत, निवडक पाचपन्नास जणांना येतात. कुणाला येतील हे आधी कळत नाही.

तुझे मित्र म्हणतील, सिक गेल्यावरच तर कंपन्या हलतात. पूर्ण खोटं नाही ते. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजमध्ये वैमानिकांनी संघटना काढली म्हणून दोघांना काढलं, शेकडो वैमानिक आजारी पडले, पाच दिवसांत तडजोड झाली आणि ते दोघे परत आले. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने तेच केलं, पंचवीस जणांना काढून टाकल्याची पत्रं गेली, आणि कामगार आयुक्तांपुढे बसून ती मागे घेतली गेली. पण दोन्ही वेळा तोडगा निघाला तो टेबलावर, आणि टेबलावर बसायला नाव असलेली, सभासद असलेली माणसं लागली. उलट २०१२ मध्ये एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्डने ड्रीमलायनरच्या ट्रेनिंगवरून ५८ दिवस काम बंद ठेवलं. संघटनेची मान्यता गेली, शंभराच्या आसपास वैमानिकांची नोकरी गेली, आणि कोर्टाच्या दारातून परत यावं लागलं. तेव्हा त्यांच्या घरांत काय चाललं असेल याची कल्पना कर. ती जुनी, नावाजलेली संघटना होती. तुमच्याकडे तर अजून फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

म्हणून सिक जायला नको म्हणतेय, एकत्र यायला नको म्हणत नाही. उलट तेच कर. वैमानिकांच्या देशपातळीवरच्या संघटना आहेत. नव्या ड्यूटी नियमांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारल्या त्या त्यांनीच. तुझी आजची ४८ तासांची सुट्टी त्या चकरांतून आली आहे. सभासद हो, वर्गणी भर, बेसवरच्या आणखी दहाजणांना सभासद कर. कंपनीतच संघटना उभी करायची तर नोंदणीसाठी अर्ज करायला सात जण पुरतात, पण दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला लहान आकडा पाठीशी लागतो. वाटाघाटीची एकमेव संघटना म्हणून मान्यता हवी तर ५१ टक्के. आकडा मोठा वाटेल, पण ज्या ग्रुपला एका दिवशी निम्म्या माणसांना घरी बसवता येईल असं वाटतं, त्याला तेवढे फॉर्म भरून घेता आले पाहिजेत. येत नसतील तर त्या दिवशीही ती माणसं येणार नाहीत.

‘लाखांत पगार घेणारा पायलट कामगार कसा?’ असं तुला ऐकवलं जाईल. त्याचं उत्तर पगाराच्या आकड्यावर ठरत नाही, कामाच्या स्वरूपावर ठरतं. दिल्ली उच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्याखाली वैमानिकांना कामगार धरलं आहे. नव्या संहितेत यावर वाद होतील, म्हणून कुठलंही पाऊल उचलण्याआधी संघटनेच्या वकिलाला तुझं नेमणूकपत्र दाखव. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर त्याची कलमंही त्याच वेळी वाचून घे.

मित्रांना काय सांगायचं? ग्रुपवर लांबलचक लिहू नकोस. एकेकाला फोन कर आणि सांग की मी सिक जाणार नाही, पण मी फटीग रिपोर्ट दिलाय, तुम्हीही तुमचा द्या. एका माणसाचा रिपोर्ट बाजूला पडतो. एकाच पेअरिंगवर वीस जणांचे आले की कंपनीला त्याची दखल घ्यावी लागते, आणि डीजीसीएपुढे जायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं. हे सिक जाण्याहून संथ आहे, त्यात थरार नाही, आणि काही जण तुला भित्रा म्हणतील. म्हणू देत. स्वतःच्या नावाने, खरी तारीख टाकून, ‘माझा डोळा लागला होता’ असं लिहून देणारा माणूस भित्रा नसतो.

नोकरी सोडण्याचं आत्ता मनातून काढ. फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आहे, कॅप्टन झालास की वर्षाची. डीजीसीएने २०१७ मध्ये तसं ठरवलंय. म्हणजे रागात दिलेला राजीनामा तुला त्याच रोस्टरवर आणखी सहा महिने ठेवतो, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांवर येऊन. दुसरीकडे जायचं असेल तर शांतपणे चौकशी कर, तिथे काम करणाऱ्यांना पगार विचारण्याआधी विचार, ‘तुमच्याकडे फटीग म्हणून कळवलं की पुढे काय होतं?’ उत्तर देताना माणूस अडखळला तर समज.

राहता राहिले बाबा. त्यांच्या ‘मोठ्यांच्या वाटेक जाव नको’मध्ये भीती आहे आणि ती खोटी नाही. कोकणात ज्याने सातबारावर बँकेचा बोजा चढवून मुलाला शिकवलं, त्याला मुलाच्या नोकरीत कसलाही खडा लागलेला चालत नाही. पण त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. त्यांना वाटतंय तू साहेबांशी पगारासाठी हुज्जत घालतोयस. विमान उतरवताना झोप लागली होती हे त्यांना सांग. मला वाटतं, हे ऐकल्यावर ‘नोकरी सांभाळ’ म्हणणारा बाप उरणार नाही, मुलाला सांभाळायला बघणारा बाप समोर येईल. आईला वेगळं सांग, हळू.

आणि सांगायला जाताना कर्जाचा कागद घेऊन जा. आजच्या पगारावर हप्ता जातोच आहे ना? मग अपग्रेड वर्षभर पुढे गेला तर काय होईल, हे त्यांच्यासमोर लिहून मांड. हप्ता चालूच राहील, फक्त लवकर फेडायचं जे ठरवलं होतं ते लांबेल. बाग जात नाही. तुम्हा दोघांच्याही मनात ‘अपग्रेड लांबला’ आणि ‘बाग गेली’ हे एकच होऊन बसलंय, आणि त्याच भीतीने तू त्या दिवशी ‘येस कॅप्टन’ म्हणालास. हिशोब दोघांनी मिळून केलात की पुढच्या वेळी ‘ओके आहेस ना?’ असं विचारल्यावर तुला खरं सांगता येईल: ‘नाही कॅप्टन, सलग तिसरी पहाट आहे, लक्ष टिकेल याची खात्री नाही, मी एक्स्टेन्शन घेत नाही.’ हे वाक्य घरी मोठ्याने दोनचारदा म्हणून बघ. इंग्रजीत बोलणार असशील तर इंग्रजीत.

रिपोर्ट आधी दे, मग सभासदत्वाचा फॉर्म, मग गाव. पुढच्या वीकली ऑफला मुंबईतच झोप. अपग्रेडबाबत काही वाकडं घडलं तर वही घेऊन संघटनेच्या वकिलाकडे जा, आणि मलाही कळव.

तुझी,
ताई